हायस्कूल मुलांचं लॅक्रॉस: नियम, सामान आणि छातीवरच्या पॅडचं लेबल

रानजाई:

नमस्कार मंडळी. थंडी सरत आली की आमच्या मेरीलँडच्या मराठी व्हॉट्सॲप गटात दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलगा नववीत जातोय, लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळायचं म्हणतोय, काय काय घ्यावं लागेल, कुणाचं जुनं चालेल का, खेळ किती धोक्याचा आहे. उत्तरं चार दिवसांत गटात खाली वाहून जातात, म्हणून इथे धागा काढतेय. माझा मोठा हायस्कूलभर डिफेन्सला खेळला, धाकटा आता खेळतोय, आणि घरच्या मैदानावर मॅच असली की टेबलावर बसून पेनल्टीचं घड्याळ मी सांभाळते. नियम जवळून बघायला मिळतात ते त्यामुळे.

आधी हे लक्षात घ्या की हायस्कूलला लागू होणारे नियम एनएफएचएस या संस्थेचे असतात. तिचं ऑफिस इंडियानापोलिसला आहे. आपापल्या राज्याची शालेय क्रीडा संघटना ते नियम स्वीकारते आणि कुठे कुठे थोडे बदल करते. लहान मुलांच्या लीगला यूएसए लॅक्रॉसचे वयोगटानुसार वेगळे नियम असतात, कॉलेजला एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेचे. त्यामुळे "माझ्या मुलाला सहावीत चालत होतं" हे नववीत उपयोगाचं नाही. आणि मुलींचं लॅक्रॉस हा जवळजवळ वेगळाच खेळ आहे. तिथे अंगावर जाणं नाही, डोळ्यांना गॉगल आणि तोंडात माउथगार्ड, हेल्मेट सक्तीचं फक्त गोलीला, म्हणजे गोलकीपरला (फ्लोरिडासारखा अपवाद सोडून). मुलींची स्टिकही वेगळी. ताईचं सामान दादाला चालत नाही ते यामुळे.

मुलांसाठी सक्तीचं सामान: हेल्मेट, माउथगार्ड, ग्लोव्हज, आर्म पॅड, शोल्डर पॅड, बूट आणि अर्थात स्टिक. बरगड्यांचे पॅड ऐच्छिक, पण अटॅकला खेळणाऱ्या मुलाला घ्याच. मागून आणि बाजूने स्टिकचे फटके त्यालाच जास्त बसतात.

हेल्मेटवर नॉक्सीचा शिक्का हवा, समोर जाळी हवी आणि हनुवटीचा पट्टा चारही टोकांना अडकलेला हवा. नॉक्सी म्हणजे खेळाच्या सामानाची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था. चारातला एक पट्टा लोंबत असला तरी रेफरी पोराला खेळू देत नाही. माउथगार्ड वरच्या सगळ्या दातांवर बसणारा आणि लांबून दिसेल अशा रंगाचा. पांढरा किंवा पारदर्शक घेऊ नका, तोंडात आहे की नाही ते रेफरीला कळत नाही. ग्लोव्हजचे तळवे कापलेले चालत नाहीत. काही मुलं पकड चांगली मिळते म्हणून तळवा कापतात, तशी जोडी सरळ बाद होते.

आता मुख्य गोष्ट. १ जानेवारी २०२२ पासून मैदानातल्या प्रत्येक मुलाच्या शोल्डर पॅडला नॉक्सीचं एनडी २०० हे मानक पूर्ण करावं लागतं. गोलीच्या छातीच्या पॅडला हीच अट एक वर्ष आधी, १ जानेवारी २०२१ ला लागू झाली. पॅडवर तसं छापलेलं असतं आणि सोबत एसईआय या प्रमाणन संस्थेची खूण असते. आपल्याकडे सामान एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातं, ती पद्धत मला मनापासून आवडते. पण या एका वस्तूच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. खूण नसेल तर पॅड कितीही नवंकोरं दिसो, ते वापरायचं नाही.

प्रश्न विचारा. जाणकारांनी भर घाला.

---

पारिजात_एडिसन:

रानजाई, अगदी वेळेवर धागा काढलात. मुलगा आठवीत आहे, सप्टेंबरात हायस्कूल. व्हर्जिनियाच्या नणंदेकडून अख्खी बॅग आलीय, भाचा आता कॉलेजात गेला. त्यात हेल्मेट, शोल्डर पॅड, आर्म पॅड, ग्लोव्हज आणि दोन स्टिक आहेत. शोल्डर पॅड घासून पुसून ठेवलेलं आहे पण एनडी २०० कुठेच दिसत नाही. भाच्याने ते २०१९ च्या सुमारास घेतलं असावं. बाकीच्या सामानाचं काय करू?

---

रानजाई:

पारिजात, ते शोल्डर पॅड बाजूला ठेवा. लहान भावाला अंगणात खेळायलाही देऊ नका, छातीवर बॉल अंगणातही बसतो.

आर्म पॅड कोपरावर घट्ट बसत असतील, फिरत नसतील तर चालतील. ग्लोव्हजचा तळवा बोटांनी चाचपून बघा. झिजून भोक पडलं असेल तर नवे घ्या. हेल्मेटच्या आत बनवल्याचं वर्ष आणि नॉक्सीचं लेबल असतं, ते वाचा. कवचाला बारीक चीर आहे का ते उन्हात धरून बघा, आतला फोम दाबून बघा, जाळीचे स्क्रू गंजलेले नाहीत ना ते बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये नॉक्सीने कॅस्केड आर आणि वॉरियर रेग्युलेटर या दोन मॉडेलची मान्यता रद्द केली होती, नंतर त्यात सुधारणा करून ती परत मिळाली. त्या वेळचं कुणाचं जुनं हेल्मेट फिरत फिरत आलं असेल तर कंपनीकडे चौकशी केल्याशिवाय घालू नका. आणि मुलाच्या डोक्याला नीट बसतं का ते कोचला दाखवा. भाच्याचं डोकं आणि तुमच्या मुलाचं डोकं एका मापाचं असेलच असं नाही.

स्टिकबद्दल 'जाळीवाला' लिहितील. ते आमच्याकडच्या मुलांच्या स्टिक बांधून देतात.

---

डॉ_अनाहत:

मी मुलांच्या हृदयविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून एनडी २०० मागचं कारण सांगतो. सगळ्या पालकांनी हे शांतपणे वाचावं.

या प्रकाराचं नाव कोमोशिओ कॉर्डिस. छातीवर, नेमक्या हृदयाच्या वर, बॉल किंवा कोपर आदळतं. बरगडी मोडत नाही, हृदयाला जखम होत नाही, बाहेर वळसुद्धा दिसत नाही. पण हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक अगदी छोटा क्षण असतो, सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले एक-दोन म्हणा, ज्यात स्नायू पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या सावरत असतो. आघात त्याच क्षणी बसला तर ठोक्यांची लय मोडते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. मूल दोन पावलं चालतं आणि कोसळतं. हृदय पूर्ण निरोगी असतानाही हे होतं, त्यामुळे शाळेच्या वैद्यकीय तपासणीत आधी काही सापडत नाही.

वयात येणाऱ्या मुलांमध्ये याचं प्रमाण जास्त, कारण त्यांची छाती अजून पातळ आणि लवचिक असते. प्रयोगशाळेत डुकरांवर केलेल्या प्रयोगांत सर्वात जास्त धोका ताशी ४० मैलांच्या आसपासच्या बॉलने दिसला. हायस्कूलमधल्या चांगल्या मुलाचा शॉट याहून बराच जोरात असतो, म्हणजे ४० मैल हा सरावातला साधा पासही असू शकतो. "जोरात लागला नाही, बरं झालं" असं म्हणून निर्धास्त होऊ नका.

पूर्वीची पॅड खरचटणं आणि मुका मार थोपवायला बनवलेली होती. छातीवर पॅड असतानाही मुलं दगावली आहेत. आघाताचा जोर हृदयावर पोचू नये हे मोजून तपासणारं पहिलं मानक एनडी २००. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणून पॅडइतकीच महत्त्वाची गोष्ट: मैदानावर एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र, कुठे आहे आणि ते कोण आणणार. छातीवर मार बसून मूल कोसळलं की नाडी शोधत वेळ घालवू नका, ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा, दुसऱ्याला ९११ लावायला सांगा, तिसऱ्याला एईडीसाठी पळवा. एईडीशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते. जानेवारी २०२३ मध्ये सिनसिनाटीला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू डमार हॅमलिन मैदानावर कोसळला तो याच कारणाने, आणि तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला, कारण मदत जागच्या जागी मिळाली. सीझन सुरू होण्याआधीच्या पालकसभेत एवढा एक प्रश्न विचारा: एईडी कुलपाच्या आत आहे की मैदानाच्या कडेला? सरावाच्या वेळीसुद्धा?

---

पारिजात_एडिसन:

डॉक्टर, अंगावर काटा आला. पॅड आजच बाद केलं. पालकसभेत एईडीचं विचारतेच, आणि सीपीआरच्या वर्गाला आम्ही दोघंही जाणार.

---

जाळीवाला:

रानजाईंनी हाक मारली म्हणून आलो. माझा जन्म बाल्टिमोरचा, हायस्कूल आणि पुढे कॉलेज क्लबकडून मिडफिल्ड खेळलो, आता शाळेत मदतनीस कोच आहे. मराठी आजीकडून, त्यामुळे काही राहिलं तर सांभाळून घ्या.

पारिजातताई, पहिल्यांदा दोन्ही स्टिकला टेप लावा. शॉर्ट स्टिक डोक्यापासून (वरची जाळीची चौकट) बुंध्यापर्यंत ४० ते ४२ इंच हवी. लाँग पोल ५२ ते ७२ इंच. यांच्या अधलं मधलं, म्हणजे ४५-४८ इंच वगैरे, काहीच चालत नाही. भाचा लहान असताना त्याच्यासाठी दांडा कापला असेल आणि स्टिक ३८ इंचांची झाली असेल तर ती हायस्कूलला बाद. गोलीची ४० ते ७२ मध्ये कितीही. मैदानावर एका टीमच्या जास्तीत जास्त चार लाँग स्टिक असू शकतात, गोलीची त्यात धरत नाहीत. म्हणून तीन डिफेंडर आणि एक लाँग स्टिक मिडफिल्डर अशी रचना दिसते.

डोक्याची रुंदी सर्वात रुंद जागी निदान ६ इंच, गोलीच्या डोक्याची १० ते १२. दांड्याचा घेर साडेतीन इंचांपेक्षा जास्त नको, टेप गुंडाळून जाड केलेलाही नको. दांडा पोकळ असतो, त्याच्या खालच्या टोकाला रबरी बूच किंवा टेप हवीच. ते बूच पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर उघड्या धातूची कड दुसऱ्या पोराच्या हातात घुसते. बॅगेत दोन बुचं आणि टेपचं एक रीळ कायम ठेवा.

आता जाळी, म्हणजे पॉकेट. माझा जीव यात आहे, त्यामुळे जरा लांबेल. नियम असा: स्टिक आडवी धरून बॉल पॉकेटमध्ये ठेवला की बॉलचा वरचा भाग साइडवॉलच्या (चौकटीच्या बाजूच्या प्लास्टिकच्या) खालच्या कडेच्या खाली जाता कामा नये. रेफरी स्टिक डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि बाजूने बघतो. बॉलचा माथा आणि प्लास्टिकची खालची कड यांच्यामधून उजेड दिसला की स्टिक गेली. गोलीला ही अट नाही, त्याचं पॉकेट खोल असू शकतं. वरच्या शूटिंग स्ट्रिंग, म्हणजे जाळीतल्या आडव्या दोऱ्या, डोक्याच्या वरच्या टोकापासून ४ इंचांच्या आत बांधायच्या. लोंबणारे दोर २ इंचांपेक्षा लांब नकोत.

मुलं खोल पॉकेट का करतात? बॉल घट्ट बसतो, धावताना सुटत नाही, शॉटला झटका मिळतो. पण मग समोरच्या डिफेंडरने नियमात राहून मारलेल्या चेकनेही (स्टिकच्या फटक्याने) बॉल निघत नाही, आणि चेकने बॉल सुटणं हा या खेळाचा गाभा आहे. तेवढ्यासाठी नियम आहे.

पंचाईत पावसाची. आपल्याकडे सीझन मार्च ते मे, निम्म्या मॅच ओल्या मैदानावर. मऊ जाळी भिजली की सैलावते. मॅचच्या आधी बरोबर असलेलं पॉकेट तिसऱ्या क्वार्टरला बाद होऊ शकतं. मेणाचा थर दिलेल्या जाळ्या कमी सैलावतात, पण पूर्ण विश्वास कशावरच ठेवू नका. माझ्या मुलांना मी हाफटाइमला स्वतः बॉल टाकून बघायला लावतो आणि तळाची दोरी कशी आवळायची ते पहिल्या आठवड्यात शिकवतो. ज्याला स्वतःची स्टिक बांधता येते त्याला दुकानावर अवलंबून राहावं लागत नाही. आणि प्रत्येक मुलाकडे तशीच बांधलेली दुसरी स्टिक हवी, दोन्ही एकसारख्या फेकणाऱ्या. पारिजातताई, तुमच्याकडे दोन आहेत, उत्तम. दोन्हींत एकाच प्रकारची जाळी बांधून घ्या.

---

कोथरूडची_आजी:

माझा नातू नॉर्थ कॅरोलायनाला खेळतो, मी इथून यूट्यूबवर त्याच्या मॅच बघते. रात्री जागते पण सोडत नाही. एक कळत नाही. कधी रेफरी पिवळं फडकं टाकतो आणि खेळ चालूच राहतो. मग एक पोरगा बाहेर जाऊन गुडघ्यावर बसतो. कधी गोल झाला की लगेच आत येतो, कधी गोल होऊनही बसूनच राहतो. कुणीतरी नीट समजावून सांगा रे.

---

शिटी_आणि_निशाण:

आजी, नमस्कार. मी हायस्कूलच्या मॅचना रेफरी असतो, तुमचा प्रश्न माझ्याच खात्यातला.

ज्या टीमकडे बॉल आहे तिच्याविरुद्ध फाऊल झाला तर आम्ही निशाण टाकतो पण खेळ थांबवत नाही. थांबवला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच चढाई वाया जाईल. गोल झाला, बॉल जमिनीवर पडला किंवा सीमेबाहेर गेला की मग शिटी.

फाऊल दोन जातींचे. टेक्निकल म्हणजे नियमभंग: ऑफसाइड, ढकलणं, अडवून धरणं, बॉल घेऊन जाताना मोकळ्या हाताने समोरच्याची स्टिक झटकणं, बॉल हाताने पकडणं, मैदानावर एक खेळाडू जास्त असणं. बॉल दुसऱ्या टीमकडे असेल तर ३० सेकंद बाहेर. बॉल कुणाकडेच नसेल किंवा फाऊल करणाऱ्याच्याच टीमकडे असेल तर बाहेर बसावं लागत नाही, बॉल समोरच्याला मिळतो. दुसरी जात पर्सनल फाऊलची: स्टिकने हाणणं, पाय अडकवून पाडणं, दोन हातांमधल्या दांड्याने ढकलणं, मागून किंवा कमरेखाली धडक देणं, अरेरावीची भाषा, आणि बेकायदा स्टिक किंवा सामान. याला १ ते ३ मिनिटं, आम्हाला तो किती गंभीर वाटला त्यावर. एका मुलाचे पाच पर्सनल झाले की त्या मॅचपुरता त्याचा खेळ संपला.

तो पोरगा बसतो तेवढा वेळ टीम एकाने कमी. समोरच्यांनी गोल केला की साध्या शिक्षेतला मुलगा लगेच आत येतो. पण काही शिक्षा पूर्ण भोगाव्या लागतात, कितीही गोल होवोत. डोक्यावर किंवा मानेवर केलेली धडक त्यात येते. बेकायदा स्टिकही त्यातच. नुसतं पॉकेट खोल असेल तर १ मिनिट, पण मापच चुकीचं असेल तर ३ मिनिटं, आणि ती स्टिक मॅच संपेपर्यंत टेबलावर राहते. जाळीवाला यांनी पॉकेटबद्दल एवढं पोटतिडकीने लिहिलंय ते का ते यावरून कळेल. अटीतटीच्या मॅचमध्ये तीन मिनिटं एक खेळाडू कमी म्हणजे दोन-तीन गोल अंगावर येतात.

पालकांना एक सांगायचंय. मॅचच्या आधी आम्ही दोन्ही मुख्य कोचना विचारतो, की तुमच्या सगळ्या मुलांचं सामान नियमात आहे का. ते "हो" म्हणतात आणि ती जबाबदारी त्यांच्यावर येते. मॅचमध्ये आम्ही मधूनमधून स्टिक उचलून तपासतो, पण प्रत्येक मुलाच्या जर्सीखालचं पॅड आम्ही बघू शकत नाही. तिथे काय घातलंय हे मुलाला आणि तुम्हालाच ठाऊक.

---

कोथरूडची_आजी:

आता समजलं. म्हणजे परवा आमचा पठ्ठ्या गोल होऊनही बसून होता तो कुणाच्या डोक्याला लागलं म्हणून. फोनवर विचारते त्याला.

---

सह्याद्री_ते_शेनांडोआ:

सगळं वाचलं. तरी माझं मत सांगतो. एवढी हेल्मेटं, एवढी पॅडं, हृदय बंद पडण्याची भीती, आणि वर स्टिकने हाणामारी. आपल्या मुलांना यात का घालायचं? इथे क्रिकेटच्या लीग आता गावोगावी आहेत, टेनिस आहे, पळणं आहे. "कॉलेज ॲडमिशनला बरं दिसतं" म्हणून लोक या खेळात घालतात हे मी डोळ्यांनी बघतोय. हेल्मेट घातलं की डोकं सुरक्षित हा समजही मला खोटा वाटतो.

---

डॉ_अनाहत:

शेवटच्या वाक्याशी सहमत. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि चेहऱ्याच्या जखमांपासून वाचवतं. कन्कशन थांबवत नाही, कारण त्यात मेंदू आतल्या आत हलतो. डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, चक्कर आली, उजेड सहन होईना तर त्या दिवशी परत मैदानात नाही. घालणाऱ्या प्रत्येकाने हे मनात ठेवावं. पण क्रिकेटचा सीझन बॉलही छातीवर आदळतो, आणि बेसबॉलमध्ये कोमोशिओची उदाहरणं भरपूर आहेत. मुलांनी खेळायचंच नाही असं आपण म्हणणार नाही. मग खेळताना काय घालायचं आणि कडेला काय ठेवायचं यावरच बोलूया.

---

जाळीवाला:

सह्याद्रीदादा, ॲडमिशनसाठी घालू नये हे मलाही पटतं. पण "हाणामारी" पटत नाही. धडक फक्त बॉल असलेल्यावर किंवा बॉलच्या अगदी जवळ असलेल्यावर, समोरून किंवा बाजूने, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली. स्टिकचा फटका समोरच्याच्या स्टिकवर, आणि स्टिक धरलेल्या ग्लोव्हवर बसला तर तोही स्टिकवरच धरतात. बाकी कुठेही हाणलं की फाऊल. चांगला डिफेंडर पावलांनी खेळतो, समोरच्याला कोपऱ्यात रेटत नेतो. ज्याची पावलं पडत नाहीत तोच स्टिक फिरवतो.

मी पहिल्या दिवशी डिफेंडरना सांगतो: शॉट अडवायला अंग मध्ये घालायचं नाही. ते काम गोलीचं, त्याच्याकडे त्याचं सामान आहे. टीव्हीवर व्यावसायिक खेळाडू अंगावर बॉल झेलतात ते बघून पोरांना मोह होतो. माझ्या टीममध्ये जो असं करेल त्याला मी त्या मॅचला परत आत सोडत नाही, गोल वाचला असला तरी.

---

गोलीची_आई:

गोलीबद्दल कुणी सविस्तर लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. माझा मुलगा दहावीत आहे आणि गोलमध्येच उभा राहायचं हा त्याचा हट्ट.

गोल ६ फूट बाय ६ फूट. त्याच्याभोवती ९ फूट त्रिज्येचं वर्तुळ, त्याला क्रीज म्हणतात. बॉल घट्ट रबराचा, पाच ते सव्वापाच औंसांचा, घेर पावणेआठ ते आठ इंच. बॉललाही नॉक्सीचा शिक्का लागतो, कारण जुना बॉल कडक आणि गुळगुळीत होत जातो. अंगणातल्या सरावालाही तसे बॉल वापरू नका.

गोलीला हेल्मेटशिवाय गळ्याचं संरक्षण सक्तीचं, ते हेल्मेटच्या जाळीच्या खाली लटकतं. छातीचं पॅड एनडी २०० वालं, ग्लोव्हजच्या अंगठ्याला जास्तीचं कवच. आर्म पॅडची सक्ती गोलीला नाही, बरेच गोली ते घालत नाहीत, हात मोकळा हवा म्हणून. सेंटर गार्डशिवाय मी त्याला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, त्यावर चर्चा नाही. मांड्या आणि नडग्या निळ्याजांभळ्या होतात. सॉकरचे नडगीचे पॅड सरावात घालतो, मॅचमध्ये काढतो. मला ते आवडत नाही, पण त्याचं म्हणणं पाय जड होतात.

क्रीजमध्ये त्याला हात लावायचा अधिकार कुणाला नाही, आणि बॉल अडवल्यावर चार सेकंदांत त्याने क्रीज सोडायचं किंवा पास करायचा. मग २० सेकंदांत टीमने बॉल मध्यरेषेपलीकडे न्यायचा. ओरडून सगळ्या डिफेन्सला दिशा देण्याचं कामही त्याचंच. घरी एक शब्द न बोलणारा पोरगा मैदानावर आख्खी टीम हलवतो. त्याचा आवाज ऐकायला मी प्रत्येक मॅचला गोलच्या मागच्या बाजूला, जाळीच्या कुंपणाबाहेर उभी असते.

---

पुनर्वसू:

एक वेगळा प्रश्न. मुलाच्या गळ्यात आजीने दिलेला गणपतीचा पदक असलेला गोफ आहे, आणि मुंज झाल्यापासून जानवंही आहे. कोच म्हणाला दागिने चालत नाहीत. काढायचं का?

---

शिटी_आणि_निशाण:

दागिने चालत नाहीत, पण धार्मिक पदकाला सवलत आहे. ते जर्सीच्या आत, अंगाला टेपने चिकटवून ठेवायचं. मधुमेह किंवा ॲलर्जीची सूचना देणारी पट्टी असेल तर तीही टेपने चिकटवायची, अक्षरं दिसली तरी चालतात. सोन्याचा गोफ मात्र घरी ठेवा आणि पदक साध्या दोऱ्यात घाला, ओढला गेला तर दोरा तुटतो आणि गळा वाचतो. जानवं पॅडच्या आत असतं, मी आजवर कुणाला त्यावरून अडवलेलं नाही. तरी सीझनच्या आधी कोचला सांगून ठेवा, म्हणजे मैदानावर प्रश्न येणार नाही.

---

नर्मदातीर:

हा धागा वाचून मला मुंबई आठवली. १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन चालू होतं. आपल्याकडच्या सगळ्या वर्तमानपत्रांत मथळा एकच, २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट. त्याच ठरावात लॅक्रॉसही मंजूर झालं, ते कुणी फारसं छापलं नाही. लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ मध्ये ऑलिंपिकला होतं, म्हणजे शंभरहून जास्त वर्षांनी परत. लॉस एंजेलिसला सिक्सेस हा प्रकार आहे: सहा-सहा खेळाडू, लहान मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, लाँग पोल नाहीत.

आणि हा खेळ ज्यांचा, त्या हौडेनोसॉनी लोकांबद्दल इथे कुणी लिहिलं नाही. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सहा राष्ट्रांचा हा संघ. त्यांच्यासाठी हा खेळ निर्मात्याने दिलेला आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जातो. माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्सने १८६७ मध्ये नियम छापले आणि गोऱ्यांच्या क्लबांनी तो उचलला. पुढे स्पर्धांतून मूळ खेळाडूंनाच बाहेर ठेवलं. आज त्यांची स्वतःची टीम जागतिक स्पर्धांत स्वतःच्या झेंड्याखाली खेळते आणि पदकं जिंकते. ऑलिंपिकमध्येही तसंच खेळता यावं ही त्यांची मागणी आहे, आणि मला ती शंभर टक्के न्याय्य वाटते. आपली मुलं हा खेळ शिकतात तेव्हा त्यांना हे घरी सांगा. शाळेत सांगतीलच असं नाही.

---

रानजाई:

नर्मदातीर, मनापासून धन्यवाद. धाकट्याच्या खोलीत हौडेनोसॉनी टीमचं पोस्टर आहे, त्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला.

---

पारिजात_एडिसन:

अजून एकच विचारते. मुलगा उंच आणि शांत आहे, कोच म्हणतोय लाँग पोल घे, डिफेन्सला खेळ. ७२ इंचांची घेऊ का? आणि मध्यरेषेवर डिफेंडर थांबून का राहतात, तोही ऑफसाइडचाच नियम ना?

---

जाळीवाला:

हो, तोच. प्रत्येक टीमचे निदान चार जण, गोली धरून, आपल्या अर्ध्या भागात आणि तीन जण समोरच्या अर्ध्यात असायला हवेत. डिफेंडर बॉल घेऊन पुढे धावला तर त्याच्याऐवजी एक मिडफिल्डर मागे थांबतो आणि हात वर करून "मी मागे" असं ओरडतो. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फाऊल याच गोष्टीचे होतात, मुलाला घाबरवू नका.

७२ इंच म्हणजे पूर्ण सहा फूट. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, बहुतेक डिफेंडर तेवढीच वापरतात, पण नवख्या मुलाला ती जड जाते आणि तो स्टिकच्या वजनानेच ओढला जातो. शाळेत सहसा दोन-तीन जुने लाँग पोल पडलेले असतात, पहिले काही आठवडे तोच मागून घ्या. हलका दांडा घ्यायच्या मोहात पडू नका, फटक्याने वाकतात आणि वाकलेला दांडा रेफरी बाद करतो. वाचलेले पैसे शोल्डर पॅडमध्ये घाला, आणि दुकानात मुलाला ते अंगावर चढवून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघायला सांगा. हात वर गेल्यावर छातीचा तुकडा हृदयावरून वर सरकत असेल तर एक माप बदला.